नव्या जनावरांचीच दावी कोण सोडतं?

लेखक म्हणवून घेण्याची माझी योग्यता नाही, हे आधीच सांगतो. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. पण तिथे शिकलो उर्दूतून, आणि पुढे नोकरीभर लिहिले ते पंचनामे आणि जबान्या. चांगले मराठी लिहायची सवय हाताला लागलीच नाही. तेव्हा चुकेल ते वाचकांनी पोटात घालावे. पण नोकरीतले एक प्रकरण असे आहे, की ते मला तेव्हा नीट कळले नाही आणि आजही पुरते कळले आहे असे म्हणवत नाही. न कळलेले मनातून जात नाही, म्हणून लिहितो. नावे कुणाचीच देत नाही. त्या माणसांची लेकरेबाळे आज नांदती आहेत.

दुसरे महायुद्ध चालू होते तेव्हाची गोष्ट. हिंगोलीचा मुलूख निजामाच्या राज्यात होता आणि मी औंढ्याच्या बाजूला एका ठाण्यावर अमीन, म्हणजे फौजदार, म्हणून नुकताच आलो होतो. सकाळी जवानांची हजेरी, मग रात्रीच्या गस्तीची खबर, मग फिर्यादी, असा रोजचा क्रम. एके सकाळी जवळच्या गावचे पोलीस पाटील स्वतः ठाण्यात आले. एरवी ते कोतवालाला पाठवत. आज तोंड उतरले होते.

"अमीनसाहेब, माझा बैल गेला. विहिरीत पडला. पेरणी तोंडावर आलीय."

"पडला की ढकलला?"

"कुणीतरी दावं सोडलं. नवाच बैल होता. जवळा बाजार गावच्या बाजारातून आणला, अजून गोठ्याला रुळला बी नव्हता. अंधारात निघाला आन् गेला खाली."

मग पाटलांनी सांगितले, की हा काही पहिला प्रकार नाही. गावात महिन्याभरापासून कुणीतरी जनावरे सोडत होते. कुणाची गाय, कुणाची म्हैस. चोरी एकही नाही. आणि सुटलेले प्रत्येक जनावर बाजारातून नव्याने आणलेले. जुन्या जनावरांना कुणी हात लावलेला नव्हता.

मी गावात जाऊन पाहणी केली. नव्या जनावराला आपल्याकडे दाराजवळ, दोन दाव्यांनी बांधतात, माणसांची सवय व्हावी म्हणून. ती दोन्ही दावी सोडलेली होती. कापलेली नव्हती. चोर दावे कापतो, नाहीतर दाव्यासकट जनावर नेतो. इथे दावी नीट गुंडाळून खुंट्याला अडकवून ठेवली होती, एखाद्या बाईने घरकाम आवरून ठेवावे तशी. मी ते बराच वेळ पाहत उभा राहिलो. काहीच उलगडा होईना.

आमच्या जमादारांना मात्र सगळे उलगडले होते. ही सगळी जनावरे एकाच दलालाने विकलेली होती. विकलेले जनावर जुन्या मालकाकडे पळून जाते, मग दलाल ते पुन्हा विकतो, असा त्यांचा हिशेब. खरेच, एक गाय सेनगावच्या बाजूला तिच्या जुन्या मालकाच्या दारात उभी सापडली होती. दलालाला ठाण्यात आणले.

"साहब, दो लगाए तो सब बोलता ये," जमादार म्हणाले.

"नक्को, जमादार. आधी विचारू द्या."

दलाल हात जोडून बसला होता, पण जीभ शाबूत होती. "अमीनसाहेब, मी जनावर विकून पोट भरतो. सोडून काय मिळणार? आन् त्या गायीच्या जुन्या मालकानं मलाच शिव्या घातल्या, की तू गाय विकली का हिंडायला सोडली! धंदा बसला माझा. ज्यानं हे केलं त्याला धरा, मी तुमाला पेढे देतो."

"पेढे नकोत. कुणावर वहीम?"

"माझ्यावरच घ्या. जमादारसाहेबांचा दिवस तरी बरा जाईल."

जमादार सोडून सगळे हसले. मी त्याला जाऊ दिले. तो खरे बोलत होता असे मला वाटले. पण मग खोटे कोण बोलत होते? बोलायला तर कुणी समोरच नव्हते.

खबर आली ती बाजारच्या दिवशी, आणि कल्पनाही नव्हती अशा माणसाकडून. जवळा बाजार गावची एक मुसलमान बाई गावोगाव बांगड्या भरत फिरायची. तिला सगळे खाला म्हणत. ती पाटी डोक्यावरून उतरवून ठाण्याच्या पायरीवर बसली आणि आत यायला तयार होईना.

"नाव माझं घेऊ नका, अमीनसाहेब. मला त्याच गावात फिरायचंय."

"नाही घेत. बोला."

"एक लेकरू हाय. पोरगी. काल तिच्या आत्यानं तिला बांगड्या भरायला बसवलं. हात धरला तर हाताची आग आग. तळवे सोललेले, नखं तुटलेली. अंबाडीचं दावं दवानं भिजलं की गाठ फुगती, साहेब. सोडणाऱ्याचे हात असेच होत्यात. पोरीला विचारलं तर बोलत न्हाई. ती तिची माय गेल्यापासूनच बोलत न्हाई."

"आई वारली?"

खालाने इकडेतिकडे पाहिले. "वारली न्हाई. लोकं सांगत्यात माहेरी गेलीय. पण तुमी बी कुणाला पुसू नका, मी बी सांगत न्हाई." आणि पाटी उचलून ती निघाली. मग चार पावलांवरून माघारी आली. "तिला बाहेरची बाधा झाली म्हणत होते. आधी गोठ्यात बांधली, मग पूर्णेपल्याड दर्ग्यात नेऊन साखळीला बांधली. आमच्यातले बी नेत्यात, तुमच्यातले बी नेत्यात. गुण आला तर आला."

आता गोष्ट अशी, की सगळ्या गावाला हे ठाऊक होते, आणि अब्रूपायी सगळे गाव "माहेरी गेलीय" एवढेच म्हणत होते. त्या मुलीलाही घरात तेच सांगत. तिने आईला गोठ्यात बांधलेले डोळ्यांनी पाहिले होते, तरी.

दुसऱ्या दिवशी मी चावडीवर गेलो. पाटील, शाळेचे गुरुजी, मुलीचा बाप आणि मुलगी. नऊदहा वर्षांची असेल. खालालाही बोलावले होते, बांगड्या भरायला म्हणून. मी विचारत होतो आणि मुलगी जमिनीकडे बघत होती. चोराला बोलते करण्याचे दोनचार मार्ग मला शिकवले होते. त्यातला एकही इथे चालणारा नव्हता. गावात एव्हाना कुजबूज पोचली होती आणि बाप मान खाली घालून म्हणाला,

"साहेब, हिला बी तेच झालंय. मायवाणी. येत्या गुरुवारी नेतो दर्ग्यात. तिच्याजवळच बांधतो. दुसरं काय करू?"

मी चालान केले, म्हणजे खटला भरला, तर पोर कचेरीत उभी राहणार. सोडून दिले तर गुरुवारी साखळीला. कायद्याच्या पुस्तकात तिसरी वाट मला सापडली नव्हती. पाटलांचा बैल मेला होता आणि ते काय बोलतील, याची मला धास्ती होती.

खालाने पाटी उघडली. मुलीचा हात स्वतःच्या मांडीवर घेतला, अंगठा आत दुमडला आणि ओली माती मळावी तसा तो पंजा हळूहळू दाबायला लागली. बांगडी चढवायची तर हात सैल पडावा लागतो. "सैल सोड, माय. सैल. बघ, आवळलीस तर काच फुटंल." बराच वेळ तेवढेच चालले. गुरुजी मला खुणेने म्हणाले, तुम्ही पाठ फिरवा. मी पाठ फिरवून बसलो.

मग मुलीचा आवाज आला. बसलेला, न वापरलेला.

"सेनगावची गाय घरी पोचली का?"

मी तसाच पाठमोरा म्हणालो, "पोचली. जुन्या मालकाच्या दारात उभी होती."

"तिला वाट कुणी दाखवली?"

"कुणीच नाही. तिची तीच गेली."

"मंग माझी माय काहून येऊन नाही राहिली?"

बाप एकदम उठला आणि परत बसला. मुलगी थांबत थांबत सांगत गेली. मायला गाडीत निजवून नेली. वाट मायनं बघितली न्हाई. परक्या गावाला नेलेलं जनावर सोडलं, तर त्याला आपलं घर घावतं का, ते बघायचं होतं. बैल विहिरीत पडंल, हे ठाव नव्हतं.

पाटील खाकरले. मला वाटले, आता ते बैलाचे काढणार. ते म्हणाले, "पोरी, जनावराला कुणीतरी सोडलं म्हणून ते घरी गेलं. तुझ्या मायला अजून कुणी सोडलंच न्हाई."

हे वाक्य माझ्या तोंडून यायला हवे होते असे मला वाटले. मी जबानी लिहून घेतली नाही.

पुढची गोष्ट ठरवली ती पाटील, गुरुजी, खाला आणि मी, अशा आम्ही चौघांनी, आणि कुणालाच आपण काय करतो आहोत हे धड माहीत नव्हते. गुरुजी आणि पाटील यांनी मुलीसाठी मुचलका लिहून दिला. पाटलांच्या पेरणीला मुलीच्या बापाने आपली बैलजोडी द्यायची. आणि दर बाजारच्या दिवशी खालाने परतताना शाळेच्या मागच्या ओसरीवर थांबायचे, मुलीचा हात हातात घेऊन बसायचे. बोलली तर ऐकायचे. नाही बोलली तर नाही. बापाने गुरुवार पुढे ढकलायचा. मी त्याला एवढेच म्हणालो, की तिला खरे सांगत जा, आई कुठे आहे ते.

"अन् ती इचारंल की कधी आणता, तर?"

"तर तेही खरे सांग. ठाऊक नाही म्हण."

"ते तर मला बी ठाव न्हाई, साहेब," तो म्हणाला.

काही बाजार गेले. जनावरे सुटणे थांबले. दौऱ्यावर असलो की मीही ओसरीवर डोकावत असे. बघतो तो काय, तिथे आणखी लेकरे. एक पोरगा भेटेल त्याला चावायचा. एक बापाचा आवाज ऐकला की लिंबावर चढून बसायचा आणि सांजेपर्यंत उतरायचा नाही. मी गुरुजींना विचारले, ही कोण?

"आयांनी आणून सोडली," गुरुजी म्हणाले. "पोरांच्या हातात बांगड्या भरता येत न्हाईत, तर खाला त्यांच्याकडून काचेचे तुकडे रंगांपरमानं निवडून घेती. मी नुसता बसतो. पाटील कधी येतात, पोरांना हसवतात. चूक करून राहिलो का आमी?"

मी वाकून एक हिरवा तुकडा हिरव्यांच्या ढिगात टाकला आणि निघालो. आमच्या मोहतमीमसाहेबांनी, म्हणजे जिल्ह्याच्या मोठ्या पोलीस अधिकाऱ्यांनी, माझा अहवाल वाचून बोलावून घेतले. "ये क्या है? चोरी नै, मारपीट नै, मुलज़िम नै. इसको रजिस्टर के किस खाने में डालूँ?"

"मुझे भी समझ में नै आ रा, साहब," मी खरेच सांगितले. त्यांनी कागद बाजूला ठेवला. त्याबद्दल शाबासकी मिळाली नाही आणि शिक्षाही झाली नाही.

मग माझी बदली झाली. बाप अजून "बघू" म्हणत होता आणि आई दर्ग्यातच होती. पुढे राज्यात धामधुमीची वर्षे आली, राज्य गेले, आम्ही पोलीसही कुठल्या कुठे फेकले गेलो. या प्रकरणाने मला काय शिकवले, असे नातवंडे विचारतात. एवढे म्हणेन, की लेकरू गुन्हा करते तेव्हा बहुतेक वेळा ते काहीतरी विचारत असते, आणि ते ऐकायला एकटा पोलीस पुरत नाही, एकटा मास्तरही नाही. पण ऐकून घेतल्यावर पुढे काय करायचे, ते मला कुणी शिकवले नाही. खालाही कधीकधी नुसती रडायची.

राज्य गेल्यानंतरच्या हिवाळ्यात पूर्णा स्टेशनावर मी गाडीची वाट बघत बसलो होतो. शेजारी एक म्हातारे गृहस्थ घोंगडी पांघरून बसले होते. गुरुजीच होते. ओळख पटल्यावर पहिला प्रश्न मी तोच विचारला, मुलीच्या आईचा.

"आणली," ते म्हणाले. "तुमी गेल्यावर लई दिवसांनी. बाप, खाला आन् पोरगी, तिघं गेले बैलगाडीनं. येताना पोरीनं मायला निजू दिलं न्हाई. समोर बसवली, आन् नदी आली की नदी, झाड आलं की झाड, बोटानं दाखवत आणली."

"म्हणजे बरी झाली?"

गुरुजींनी मान हलवली. "बरी न्हाई झाली, अमीनसाहेब. पण बांधलेली न्हाई."