सूचनांचं फोल्डर

शिरूरला कृषी सेवा केंद्राच्या वरच्या खोलीत माझा वेब होस्टिंगचा धंदा आहे. लोकांच्या वेबसाइटना जागा द्यायची, एवढंच. त्या उन्हाळ्यात आमचं जुनं कंट्रोल पॅनेल बंद होणार होतं. गिऱ्हाईक ज्या पानावरून आपली वेबसाइट सांभाळतं, ते हे पॅनेल. नवं निवडायचं म्हणून मी आठवडाभर एकामागून एक पॅनेल उघडून बघत होते. दुपारी जरा डोळा लागला तरी मिटल्या पापण्यांआड पिवळी फोल्डरं तरंगायची. शेवटी एक आवडलं. चपळ, नीटनेटकं, फालतू बटणं नाहीत. स्वतःवरच खूश झाले.

मग जुन्या पॅनेलच्या नोंदी चाळताना दिसलं, दौंडचे एक निवृत्त शिक्षक रोज दुपारी तीन वाजता लॉगिन करतात. चर्चची वेबसाइट तेच बघतात. पण कित्येक महिन्यांत बदल काहीच नाही. म्हातारपणी होतो गोंधळ, असं परस्पर ठरवून मी त्यांना नवं पॅनेल शिकवायला निघाले. तो आगाऊपणा अजून टोचतो.

भीमा ओलांडली. दोन्हीकडे उसाला पाणी चाललेलं, रस्ता अर्धवट झोपेत असल्यासारखा.

सरांनी जुनं पॅनेल उघडलं, चर्चच्या सूचनांच्या फोल्डरमध्ये गेले आणि एका फाइलवर क्लिक केलं. एका बाईचा आवाज आला, जरा घाईतला. "रविवारी उपासनेनंतर प्रेमभोजन आहे. ताट-वाटी घरून आणावी."

"आमच्या मिसेस," सर म्हणाले. "त्या गेल्या त्याच्या आधीची हाय. वेबसाइटवरनं काढली मी, तारीख उलटली म्हणून. फाइल तेवढी ऱ्हायली."

त्यांनी ती पुन्हा लावली. मला आवडलेल्या पॅनेलमध्ये फाइल अशी जागच्या जागी वाजत नव्हती. तरी मी तोडगा काढलाच. "सर, मोबाईलवर टाकून देते. कधीही ऐका."

"नको पोरी," ते सावकाश म्हणाले. "मोबाईलवर टाकली की ती नुसती आठवण होऊन बसती. हितं बाकीच्या सूचनांमधी हाय. कामात हाय."

मी दुसरं पॅनेल घेतलं. मंद आहे, दिसायला गबाळं, पण फोल्डरमध्येच फाइल वाजवतं. हेच का घेतलं, असं गिऱ्हाईकं विचारतात, तेव्हा मी काहीतरी तांत्रिक सांगून वेळ मारून नेते.

दुपारी तीनला मात्र सर्व्हरचं कुठलंच काम काढत नाही. त्या वेळी बाई कामात असतात.