भैयाजींचा गळा बसला, त्याची गोष्ट

भैयाजी ताकसांडे यांना वर्ध्यात चेहऱ्यानं ओळखणारे थोडे, आवाजानं ओळखणारं मात्र अख्खं गाव. बावीस वर्षं त्यांनी बसस्थानकावर कंट्रोलरच्या खोलीत बसून माईकवर गाड्या पुकारल्या. 'प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे' हे ते असं म्हणत, की फलाटावरचा माणूस तोंडातला समोसा चावायचा थांबे. वीज गेली आणि माईक बंद पडला, तर खिडकीतून डोकं बाहेर काढून नुसत्या गळ्यावर शेवटच्या फलाटापर्यंत गाडी पोचवत. नऊ वर्षांपूर्वी ते निवृत्त झाले. आवाज काही निवृत्त झाला नाही. नालवाडीतल्या घरी भात शिजला की ते बैठकीतून पुकारत, "भात फलाटावर लागलेला आहे." आणि त्यांच्या पत्नी कमलाबाई आतून म्हणत, "मंग या जेवाले, का तुमाले रिझर्वेशन पायजे?"

अशा माणसाच्या घरात नात निघाली ती न बोलणारी.

दामिनी मुकी नव्हती, हे आधीच सांगितलेलं बरं. चार वर्षांची होईपर्यंत ती घरभर बडबडत फिरायची. मग तिला शहरातल्या इंग्रजी शाळेत घातलं. शाळा वाईट नव्हती, बाईही प्रेमळ होत्या. पण एक दिवस दामिनीनं काहीतरी उत्तर दिलं आणि सगळा वर्ग हसला. एवढंच झालं. पोरं हसली आणि विसरूनही गेली, दामिनी विसरली नाही. त्या दिवसापासून तिनं शाळेत तोंड उघडलं नाही, आणि हळूहळू घरीही ती फक्त आजीच्या कानात बोलायला लागली. तिला पाणी हवं असलं तरी ते कमलाबाईंच्या कानातून जगापर्यंत पोचायचं.

तिची आई सरिता सावंगीच्या मोठ्या दवाखान्यात नर्स. तिथल्या डॉक्टरांनी दामिनीचे कान पाहिले, घसा पाहिला, सगळं ठणठणीत. "वेळ द्या," ते म्हणाले. सरितानं वेळ दिला, पण मोजून. जून लागला तेव्हा तिनं सगळ्यांना बसवून सांगितलं, "दिवाळीपर्यंत दामिनीले घरी शिकवू. तवरक ती वाचाले लागली अन् चारचौघांत मोठ्यानं बोलली, तं पुढच्या जूनमध्ये इथं जवळच्या मराठी शाळेत टाकू. नाई तं सुट्टी संपली का परत त्याच शाळेत. घरी बसवून मले पोरीचं नुकसान नाई करायचं." हे बोलताना तिचा आवाज कापला, कारण ती काही दगड नव्हती. दामिनीचे वडील रत्नदीप यांनी मान हलवली. ते बुटीबोरीला कंपनीत जातात आणि घरी असतात तेवढा वेळ मानच हलवतात.

दाराआड उभ्या दामिनीनं हे सगळं ऐकलं. त्या दिवशी ती जेवली नाही.

घरी शिकवायचं ठरलं, पण शिकवायचं काय? पुढच्या रविवारी दिवाणावर तीन अभ्यासक्रम मांडले गेले. पहिला सरितानं नागपूरहून मागवलेला खोका. त्यात गुळगुळीत रंगीत कार्डं होती आणि सगळ्या कार्डांवर बर्फ, पेंग्विन नाहीतर स्ट्रॉबेरी. कमलाबाईंनी एक कार्ड उलटसुलट करून पाहिलं. "याच्यात वांगं काऊन नाई?" त्यांनी विचारलं. दुसरा अभ्यासक्रम रत्नदीपच्या मोबाईलमध्ये. त्यातली बाई बरोबर बटण दाबलं तरी शाबास म्हणे, चुकीचं दाबलं तरी शाबासच म्हणे. दामिनीनं दोनदा मुद्दाम चुकीचं दाबून पाहिलं आणि मोबाईल उलटा ठेवून दिला. तिसरी शेजारच्या प्रमिलाबाईंच्या नातवाची जुनी सरकारी पुस्तकं, पहिलीची. पानं थोडी फाटलेली, पण त्यांत बैल होता, विहीर होती आणि वांगंही होतं. पुस्तकं पास झाली.

"पुस्तकं ठीक हायेत," भैयाजी म्हणाले. "पण टायमिंग? टायमिंग मी पायतो."

इथंच घोटाळा झाला. आयुष्यभर ज्यानं वेळापत्रक चालवलं, त्याच्या हाती सहा वर्षांची नात दिल्यावर दुसरं होणार काय? भैयाजींनी पत्र्याचा एक फळा आणला, त्याला रंग दिला आणि बैठकीत टांगला. त्यावर रकाने पाडले: मार्ग, आगमन, प्रस्थान, शेरा. दूध, साडेसातला. अंघोळ, जलद. अक्षरं, साधी गाडी, आठ ते आठ चाळीस. अंक, विनाथांबा. दुपारची झोप, मुक्कामी. आणि प्रत्येक गाडीच्या आधी पूर्ण आवाजात पुकारा: "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे! अक्षरांची गाडी सुटण्याच्या तयारीत आहे!"

प्रवासी एकच, आणि ती दिवाणाखाली.

पहिल्या आठवड्यात भैयाजींनी शेऱ्याच्या रकान्यात 'उशीर २० मि.' लिहिलं. दुसऱ्या आठवड्यात 'उशीर ५० मि.' जुलै संपता संपता नुसतंच 'रद्द'. गाड्या रद्द झाल्या की त्यांना लाज वाटे, आणि लाज वाटली की ते आणखी मोठ्यानं पुकारत. त्यांचं प्रेम खोटं नव्हतं, नातीवर त्यांचा जीव होता. पण जीव लावायची त्यांची रीतच अशी, की आधी पुकारायचं.

ऑगस्टमधल्या एका सकाळी कमलाबाई मेथी निवडत बसल्या होत्या. भैयाजींनी तिसऱ्यांदा गाडी पुकारली, तशी त्यांनी हातातली जुडी खाली ठेवली.

"एक सांगू का? रागावू नोका," त्या म्हणाल्या. "या घरात तुमचा आवाज एवढा भरून राह्यला, का पोरीच्या आवाजाले बसाले जागाच नाई."

वाद घालायला भैयाजींनी तोंड उघडलं होतं, ते तसंच मिटलं. उरलेला दिवस ते अंगणात खुर्ची टाकून बसले. बावीस वर्षं आपण लोकांना गाड्या दाखवल्या, आणि घरच्या एकुलत्या प्रवाशाला चढूच दिलं नाही, हे त्यांच्या मनाला फार लागलं. संध्याकाळी सरिता ड्युटीवरून आली तेव्हा भैयाजींनी गळ्याला मफलर गुंडाळला होता. ऑगस्टच्या उकाड्यात.

"गळा बसला," त्यांनी पाटीवर लिहून दाखवलं.

सरितानं बॅटरी आणली. "आ करा मामाजी." तिनं डावीकडून पाहिलं, उजवीकडून पाहिलं. घसा असा निरोगी होता, की शिकाऊ पोरींना दाखवायला न्यावा. तिनं सासऱ्यांच्या डोळ्यांत पाहिलं. मग दिवाणाखालून डोकावणाऱ्या लेकीकडे पाहिलं. बॅटरी बंद केली.

"लयच बसला हाये," ती गंभीरपणे म्हणाली. "बोलणं एकदम बंद. दिवसातून तीनदा मिठाच्या पाण्याच्या गुळण्या." त्या गुळण्या मात्र खऱ्या कराव्या लागल्या. नर्सच्या घरात सोंग फुकट मिळत नाही.

पहिले दोन दिवस घरात एकही गाडी सुटली नाही. भैयाजी फळ्याखाली खुर्चीत बसून राहिले. दूधवाल्यानं पाणी घातलेलं दूध दिलं, तरी त्यांना ते गिळावं लागलं, दूधही आणि बोलणंही. तिसऱ्या दिवशी दामिनी दिवाणाखालून निघाली आणि फळ्यासमोर उभी राहिली. मग तिनं घड्याळाकडे बघितलं. आठ वाजून दहा मिनिटं झाली होती. ती आजोबांच्या कानाशी आली आणि कुजबुजली, "आबाजी, गाडी लेट झाली."

भैयाजींनी कानामागं हात धरला. ऐकू आलं नाही.

"गाडी लेट झाली!"

त्यांनी फळ्याकडे बोट केलं, मग स्वतःच्या गळ्याकडे, मग तिच्याकडे. दामिनी स्वयंपाकघरात गेली, लाटणं घेऊन आली आणि ते तोंडासमोर धरून म्हणाली, "प्रवाशांनी लक्ष द्या. अक्षराची गाडी." आवाज एवढासा होता, पण होता. आत कमलाबाईंनी पदर डोळ्याला लावला आणि कांदा चिरते आहे असं दाखवलं. कांदा त्या दिवशी घरात नव्हता.

तिथून पुढं वेळापत्रक दामिनीचं झालं. कोणती गाडी कधी सोडायची ते तीच ठरवी. अंकांची गाडी तिनं अंघोळीच्या आधी घेतली, कारण मग अंगावर घ्यायचे तांबे मोजायला बरं पडतं. झोपेची गाडी तिनं कायमची बंद केली. पण पुकारायचं तर वाचता यायला हवं. भैयाजींनी पुठ्ठ्याच्या पाट्या कापल्या आणि सोप्या गावांपासून सुरुवात केली. सेलू, देवळी, पवनार. मग आर्वी, पुलगाव, हिंगणघाट. घरातल्या खुर्च्यांना पाट्या लागल्या. कमलाबाईंना स्वयंपाकघरातून अंगणात जायचं तर देवळी ओलांडून जावं लागे. सरकारी पुस्तकही आता आपोआप पुढं सरकत होतं, कारण बैल, विहीर आणि वांगं हे तिघे रोज पुलगावच्या गाडीनं जात होते. ऑक्टोबरमध्ये दामिनी पाटी न बघता 'अल्लीपूर' लिहायला शिकली. ते तिच्या मामाचं गाव.

वाचायचं साधलं. घरात आवाजही सुटला, भैयाजींचा मात्र बसलेलाच राहिला. पण प्रमिलाबाई पुस्तकांची विचारपूस करायला आल्या, की दामिनी पुन्हा दिवाणाखाली. सरिता हे बघे आणि मग कॅलेंडरकडे बघे. चारचौघांत मोठ्यानं, असं ठरलं होतं. ठरवणारी तीच होती, आणि आता तिलाच ते जड जात होतं.

दिवाळीच्या सुट्टीत सरिताच्या माहेरी, अल्लीपूरला जायचं ठरलं, सोबतीला भैयाजी. बसस्थानकावर ही गर्दी. सरिता पिशव्या घेऊन फलाटावर थांबली आणि भैयाजी नातीचा हात धरून गाडी कुठं लागते ते बघायला कंट्रोलरच्या खोलीत गेले. खुर्चीत दुर्गेश होता. त्याला माईक धरायला भैयाजींनीच शिकवलं होतं.

"अरे भैयाजी! जय भीम!" तो उठलाच. "तुमचीच गाडी लागून राह्यली. पुकारा नं तुमीच. लय दिवस झाले लोकायनं तुमचा आवाज नाई आयकला."

माईक समोर होता. बावीस वर्षांची सवय भैयाजींच्या गळ्यापर्यंत आली. नुसतं तोंड उघडायचा अवकाश होता. खरं सांगायचं तर त्या क्षणी त्यांना दुसरं काहीच नको होतं. त्यांनी मफलर घट्ट केला, गळ्याकडे बोट दाखवलं, मान हलवली आणि दामिनीला उचलून खुर्चीत उभं केलं. दुर्गेशनं गाडीची चिठ्ठी तिच्यासमोर धरली.

दामिनीनं काचेतून बाहेर पाहिलं. सगळं गाव बाहेर उभं होतं. तिनं आजोबांकडे पाहिलं. त्यांनी कानामागं हात धरला. ऐकू आलं नाही.

फलाटावर सरिता पिशव्या सांभाळत होती. वर भोंग्यात खरखर झाली.

"प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे," भोंगा म्हणाला. आवाज पातळ होता आणि थरथरत होता. फलाटावरची माणसं वर बघायला लागली. "वर्ध्यावरून वायगावमार्गे अल्लीपूरला जाणारी गाडी फलाट क्रमांक पाचवर लागलेली आहे." मग थोडं थांबून, खणखणीत, "अन् आई, तू जागा धर! आबाजी अन् मी येऊन राह्यलो!"

सगळं स्थानक हसलं. पण हे हसणं वेगळं होतं, आणि दामिनीला ते कळलं असावं, कारण भोंग्यातून तीही हसल्याचं सगळ्यांना ऐकू आलं. सरितानं जागा धरली नाही. पिशव्या तिथंच टाकून ती उभ्या उभ्या रडत होती, आणि ज्याचा पाय तिच्या पिशवीत अडकला त्या अनोळखी माणसाला सांगत होती, "माही पोरगी हाये. आता बोलली ते माहीच पोरगी हाये."

शेवटी जागा मागच्या बाकावर मिळाली. गाडी वायगावच्या रस्त्याला लागली तेव्हा सरितानं डोळे पुसले. "जूनमध्ये जवळच्याच शाळेत टाकू," ती म्हणाली. "अन् तवरक घरीच. दामिनीच्या टायमिंगनं." मग सासऱ्यांकडे बघून, हसू दाबत तिनं विचारलं, "मामाजी, गळा कसा हाये आता?"

भैयाजींनी हातानंच सांगितलं, अजून तसाच.

दामिनी त्यांच्या मांडीवर सरकली. फार दिवसांनी तिनं तोंड त्यांच्या कानाशी नेलं आणि कुजबुजली, "आबाजी, तुमी न्हाणीघरात पुकारता ते मले रोज आयकू येते. मी कोणालेच नाई सांगतलं."