मास्तरांची नसलेली मांजर

टेलर मास्तरांच्या दुकानात एक मांजर राहायची, पण ती मास्तरांची नव्हती. तिचं चिंधी हे नाव मास्तरांनीच ठेवलेलं. तिची गादी गिऱ्हाइकांच्या कोटांच्या उरलेल्या अस्तरातून मास्तरांनीच शिवलेली, कडेच्या पायपिंगसकट. सकाळी शटर वर गेलं की आधी तिची दुधाची बशी, मग मशीनला तेल. तरी विचारलंत तर मास्तर कानावर हात ठेवत. "छे हो, येते आपली. कुठली कोण जाणे!"

पूर्वी असं नव्हतं बरं का. पूर्वी "आमची चिंधी, आमची चिंधी" करत तिला नुसतं डोक्यावर बसवलं होतं. मग एक दिवस शाळेतल्या भूमितीच्या बाई कोटाचं माप द्यायला आल्या. शिस्तीच्या बाई, उभ्या राहिल्या तरी काटकोनात. मास्तर बाही मापत होते. बाईंचा पाय मागे सरकला तो नेमका चिंधीच्या शेपटीवर, आणि चिंधीने त्यांच्या पोटरीत दात रोवले. दोन बारीक भोकं, धड रक्तही नाही. "काही होत नाही हो. आम्हाला रोज सुया टोचतात," मास्तर म्हणाले आणि त्यांनी दुसरी बाही मापायला घेतली.

दुसऱ्या दिवशी बाईंचा पाय सुजला, ताप चढला आणि त्या हॉस्पिटलात भरती झाल्या. तिथून त्यांनी निरोप पाठवला, मांजर तुमचीच ना? मास्तरांची पाचावर धारण बसली. पाळलेलं जनावर चावलं तर मालकाला भरून द्यावं लागतं, एवढा कायदा समोरच्या बेकरीवाल्याने त्यांना पावाबरोबर फुकट पुरवला होता. "माझी नाही," त्यांनी कळवून टाकलं. बऱ्या झाल्यावर बाईंनी दावा लावला.

तारीख जवळ आली तसा मास्तरांना पुरावा खुपायला लागला. गादीबद्दल विचारलं तर इस्त्रीची उशी म्हणून ठोकून द्यायचं ठरलं होतं. पण चिंधीला काय म्हणून सांगणार? तेव्हा तिला थोडे दिवस मेहुण्याच्या गोदामात दडवायचं ठरवून मास्तरांनी तिला पिशवीत घातलं. म्हणजे, घालायला गेले. चिंधीने त्यांच्या उजव्या हाताच्या मधल्या बोटावर, ऐन सांध्यात, कचकन दात रुतवले आणि कपाटावर जाऊन बसली.

आता कुणीही शहाणा माणूस साबण लावून नळाखाली हात धरेल, डॉक्टर गाठेल. पण मास्तर पडले शिंपी! जन्मभर सुई टोचली की बोट चोखायचं, वर अंगुस्तान चढवायचं आणि पुढचा टाका घालायचा. तेच केलं. दिवसभर ते बोट त्या लोखंडी टोपणाखाली ठणकत राहिलं.

सकाळी अंगुस्तान निघेना. बोट टम्म फुगलेलं, मनगटाच्या वर लाल रेघ. बायकोने तेल लावून पाहिलं, साबण लावून पाहिला, शेवटी मास्तरांनाच हॉस्पिटलात नेलं. तिथे डॉक्टरीणबाईंनी अंगुस्तान कापून काढलं.

"मांजरीचा दात सुईसारखा असतो," त्या म्हणाल्या. "घाण आत खोल सोडतो आणि वरून भोक मिटतं. सांध्यात पू झालाय, ऑपरेशन करून धुवावं लागेल. बोट वाचेल. वाकेलच, असं नाही सांगत."

मास्तरांच्या डोळ्यांत पाणी आलं. सुई ढकलणारं बोट ते! ते गेलं की हातशिलाई गेली, कोट गेले, उरल्या उशांच्या खोळी.

"मांजर कुणाची?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं. "पाळलेली असेल तर दहा दिवस कोंडून तिच्यावर नजर ठेवा. ठणठणीत राहिली तर रेबीजची पुढची इंजेक्शनं थांबवू. बेवारस असेल तर गाडी बोलावते, उचलून नेतील."

त्या गाडीतून गेलेलं जनावर परत आलेलं गल्लीत कुणी पाहिलं नव्हतं. मास्तर कापलेलं अंगुस्तान डाव्या हातात फिरवत बसले.

"अहो, बोला की!" बायको कडाडली. "एरवी बरे तिचे लाड करता!"

"माझी आहे," मास्तर पुटपुटले.

कोर्टात ते हे एवढं मोठं बँडेज घेऊन उभे राहिले. न्यायाधीशांनी चष्म्यावरून पाहिलं. "हाताला काय झालं?"

"मांजर चावली."

"कुणाची?"

मास्तरांचे वकील खोकले. चांगले दोनदा खोकले. मास्तर म्हणाले, "माझीच, साहेब. पहिल्यापासून माझीच."

निकाल बाईंच्या बाजूने लागला. औषधपाणी, बुडालेला पगार, सगळं मास्तरांच्या डोक्यावर. त्याचं त्यांना एवढं वाटलं नाही. पण बाहेर बाईंनी त्यांना गाठलं.

"मास्तर, मी तेव्हा पैशासाठी विचारलं नव्हतं हो. डॉक्टरांना हवं होतं म्हणून विचारलं. तुम्ही नाही म्हणालात, म्हणून मला सगळी इंजेक्शनं घ्यावी लागली. पाण्याचा ग्लास उचलला तरी धस्स व्हायचं, हे घशाखाली उतरेल ना?"

मास्तरांना मान वर करवेना. "चुकलो, बाई," एवढंच ते म्हणाले.

बोट वाचलं, पण वाकत नाही. चिंधी ठणठणीत. मात्र कोंडून ठेवल्याच्या रागाने ती हल्ली समोरच्या बेकरीत मैद्याच्या पोत्यावर बसते. परवा एक आजी पाव घेता घेता तिला कुरवाळायला वाकल्या. "गोड आहे हो! कुणाची?"

बेकरीवाल्याने झटकन कानावर हात ठेवले. "आमची नाही हं!"

मास्तर हातातली उशीची खोळ टाकून रस्त्यावर धावले. "माझी आहे!" ते तिथूनच ओरडले. "माझी आहे, आणि चावते!"