तिसऱ्या गाण्यातला ठोका

आगरदांड्याच्या जेट्टीजवळ रेडिओ आणि टेपरेकॉर्डर दुरुस्त करणारे एक चाचा बसतात. कुठलीही वस्तू हातात दिली की आधी म्हणतात, "बघू. वचन देत न्हाय." वर्षभरापासून त्यांचा उजवा हात थरथरतो. त्याबद्दल कुणी विचारलेलं त्यांना खपत नाही.

मी दहावीत असताना मामानं दुबईहून आणलेली सिंथ-पॉपची, म्हणजे इलेक्ट्रॉनिक वाद्यांवरच्या इंग्रजी गाण्यांची, कॅसेट परवा माझ्या टेपरेकॉर्डरमध्ये अडकली. मी ती चाचांकडे नेली. फितीचा चुरगळलेला तुकडा कापावाच लागणार होता.

"कुठलं गाणं हाय हे?"

"तिसरं. माझं सगळ्यात लाडकं."

त्यांनी ब्लेड खाली ठेवलं. "मंग आज न्हाय. उद्या सकाळी या. सकाळी हात बरा असतो."

सकाळी त्यांनी श्वास रोखून फीत कापली, जोडली. मीही श्वास रोखूनच उभा होतो. मग कॅसेट लावली. तिसऱ्या गाण्यात ताल मध्येच अडखळला, एक ठोका गेला होता. चाचा टेपरेकॉर्डरकडे नाही, माझ्या चेहऱ्याकडे बघत होते.

"कळलं?"

"नाही," मी म्हणालो.

"मला कळलं."

तेवढ्यात एक बाई रेडिओ घेऊन आल्या. चाचांनी तो हातातसुद्धा घेतला नाही.

"मुरुडला न्या," ते म्हणाले. "तिथं चांगला करतात."