तुळजापूरला आत्याची साखर उतरली

आत्याचा हात माझ्या हातात हुता आन् तो असा गार, असा ओला, की आत्ताच हिरीतनं वर काढलाय. गोमुखाजवळच्या पायऱ्यांवर आमी रांगेत उभ्या. ऊन कडक, समद्यांनाच घाम, पर हा घाम तसला न्हाय. म्या म्हणलं, "आत्या, काय हुतंय?" (आत्या म्हंजी माझी सासू, आमच्याकडं तसंच म्हणत्यात.) त्यांनी माझ्याकडं बघितलं, पर वळखलंच न्हाय. हात थरथराय लागले, मान डुलाय लागली, तोंडातनं कायबाय बोलणं, कशाला काय मेळ न्हाय. काखंतली माझी सुमी भोकाड पसरून रडाय लागली.

मागनं कुणीतरी म्हणलं, "बाईच्या आंगात आई आली."

झालं. रांग मोडली. एकीनं कपाळाला मळवट भरला, एकीनं पायावर डोकं ठिवलं. एक म्हातारी तर इचाराय बी लागली, "आई, माझ्या लेकाला नोकरी लागंल का?" आमच्याबरूबर आलेली शेजारची गोदाकाकू हात जोडून डोळे मिटून उभी. मी एकटीच तिथं अशी, की देवीच्या पाया पडावं का आत्याला धरावं ते कळंना.

पर आधीपासनं सांगते, न्हायतर तुमाला कळायचं न्हाय.

आमचं गाव अणदूरच्या पलीकडं. दुष्काळात समदं गाव तलावाच्या कामावर खडी फोडाय जायाचं. तिथं आत्याच्या पायाला दगड लागला आन् ती जखम भरंचना. सोलापूरच्या डाक्टरनं तपासलं आन् म्हणला साखरेचा आजार हाय. साखर, गूळ, भात, बटाटा समदं बंद. साखर म्हंजी तुमाला इखच समजा, आसं बोलला. भाकर खावा, पालेभाजी खावा, ताक प्या. आता दुष्काळात पालेभाजी कुठली? रानात तरवटा उगवला तर त्योच उकडायचा. आपली ज्वारी न्हाय, रेशनवर परदेशातनं आलेली लाल ज्वारी, मिलो म्हणायचे तिला. दूध निघंल तेवढं डेअरी सोसायटीला जायचं, मंग ताक कशाचं करणार? घरात भरपूर काय आसंल तर साखरच. आमचे हे सहकारी कारखान्यावर, तिथनं मिळायची.

रोज एक गोळी हुती आन् एक निळं पाणी. काचंच्या नळीत त्ये निळं पाणी घ्यायचं, आत्याच्या लघवीचे थेंब टाकायचे आन् जाळावर उकळायचं. निळं ऱ्हायलं तर साखर न्हाय. हिरवं, पिवळं, मंग इटंसारखं लाल झालं तर लई साखर. मी चौथी शिकलेली, घरात वाचणारी मीच, तवा ह्ये काम माझ्याकडं. चिमट्यात नळी धरून चुलीम्होरं बसले की शेजारच्या बाया दारात. "काय गं, आज कालवण कशाचं?" आत्या आतनं वरडायच्या, "माझं मूत बघाय आल्या समद्या. तिकीट लावा गं." पर खरं सांगते, मला त्या नळीचा नादच लागला. निळ्याचं हिरवं हुताना बघायचं, हातात चिमटा आसा घट्ट. मनात यायचं, माणसाच्या आंगात एवढं रंग कुठनं येत्यात?

पायाची जखम भरून आली तवा आत्यानं त्यापायी बोललेला देवीचा नवस फेडायचा ठरवला. मंगळवार धरला. निघायच्या पहाटं म्या नळी उकळली तर पाणी निळंच्या निळं. आत्या लेकरागत हसल्या. दर्शन हुईस्तवर पाण्याबिगर काय घ्यायचं न्हाय, उपास. मी गोळी हातात घेऊन इचारात पडले. डाक्टर म्हणला हुता, गोळी जेवणाआधी. जेवण तर दर्शन झाल्यावर. मंग आत्ता दिली तरी ती जेवणाआधीच की. दिली.

यष्टी अणदूरवरनं नळदुर्गमार्गे गेली. किल्ला खिडकीतनं दिसला, केवढा काळाभोर. बोरी नदीत नुसती वाळू, बाया झरे उकरून वाटीवाटीनं पाणी भरत हुत्या. मला वाटलं हुतं किल्ल्यावरनं पाणी पडताना दिसंल, माझ्या आईनं सांगितलं हुतं. कोरडं दगड दिसलं. मुक्काम पडला तर म्हणून म्या निळी बाटली पिशवीत घेतली हुती. कंडक्टरनं बघितली. "ह्ये काय? घासलेट न्याया बंदी हाय."

आत्या म्हणल्या, "लघवी तपासायचं हाय मास्तर. द्या तुमची बी, माझी सून उकळून दील."

समदी यष्टी हसली. कंडक्टर म्हणला, "ऱ्हाऊ द्या मावशी, माझी खात्यात तपासत्यात." आन् तिकीट फाडून लांब गेला. मी आत्यांना आसं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. घराबाहीर पडल्यावर माणूस येगळंच निघतं.

तुळजापूरला उतरलो तर रस्त्याच्या दोन्ही अंगाला कुंकवाचे ढीग, कवड्यांच्या माळा, परड्या (देवीचा जोगवा मागायच्या टोपल्या). संबळ वाजत हुती. देवळात वर चढायचं म्हणून मी तयारीत, तर इथं पायऱ्या खाली उतरत्यात. म्या पहिल्यांदाच बघितलं, खाली जाऊन भेटायची देवी. गोदाकाकू सांगत हुती, आत एक गोल दगड हाय, चिंतामणी. हात ठिवून मनात इचारायचं. उजवीकडं फिरला तर व्हय, डावीकडं फिरला तर न्हाय. मी म्हणलं मी बी इचारणार. काय इचारू, त्येच ठरंना. तवर आत्या चिडचिड कराय लागल्या. सुमीला गप कर, रांग का सरकंना, मला ढकलू नगंस. आत्या कधी सुमीवर चिडत न्हाईत. तिथंच मला कळाय पायजे हुतं.

आन् मंग त्यो हात.

गोदाकाकूला म्या हलवलं. "काकू, ही देवी न्हाय, हा आजार हाय. साखर वाढली."

"गप. देवळात आसं बोलू नगं. आन् साखर वाढाय पोटात हाय काय? काल रात्रीपासनं ती उपाशी हाय."

काकू सहज बोलली पर माझ्या डोक्यात त्येच आडकलं. पहाटं पाणी निळं हुतं. म्हंजी साखर न्हाय. त्याच्यावर गोळी दिली, साखर कमी करायची. त्याच्यावर उपास. मंग साखर वाढली कुठनं? वाढली नसंल. पर साखर संपून माणूस आसं हुतं का? डाक्टरनं सांगितलं नव्हतं. साखर इख हाय एवढंच सांगितलं हुतं. चिंतामणीला इचारावं तर रांग केवढी. आत्याचे डोळे वर चालले. सुमीच्या वरच्या दुधासाठी बांधलेली साखरेची पुडी माझ्या कमरंला हुती.

म्या पुडी सोडली. काकूनं हात धरला. "येडी झालीस का? तूच म्हणतीस साखरेचा आजार, आन् साखर घालतीस? म्हातारीचं काय झालं तर गाव काय म्हणंल? सुनंनं मारली म्हणंल."

मला बी त्येच दिसत हुतं. गाव, आमचे हे, माझी सुमी आईबिगर. तरी बोट वलं केलं, साखरंत बुडवलं आन् आत्याच्या गालाच्या आतनं चोळलं. परत बुडवलं, परत चोळलं. त्या बोटाला चावल्या. मी रडत हुते आन् तोंडानं देवीचंच नाव घेत हुते, दुसरं कुणाचं घेणार?

जरा येळानं आत्यानं जीभ फिरवली. गिळलं. मान थांबली. माझ्याकडं बघून म्हणल्या, "सुमी का रडती? पाज की तिला."

लोक उदो उदो करत पांगले. त्यांच्या लेखी देवी आली आन् गेली.

बाजारपेठंत एक दवाखाना हुता, तिथं नेलं. काकू आत्यांना घेऊन आतल्या बाकड्यावर, मी डाक्टरम्होरं. मला कडक बोलणी खावी लागतील म्हणून अंग चोरून उभी. त्यो म्हणला, "साखर दिली ते चांगलं केलं. वाढलेली साखर माणसाला हळूहळू झिजवती, संपलेली साखर बसल्या जागी नेती. गोळी घ्यायची तर लगीच जेवायचं. उपास आसंल तर गोळी न्हाय. खरं तर उपासच न्हाय."

म्या भीत भीत इचारलं, "पर सायेब, त्यांनी साखर खाल्लीच न्हाय कवा, मंग आंगात संपली कोणती?"

त्यो हसला न्हाय. म्हणला, "भाकरीची बी पोटात साखरच हुती, बाई."

मिलोच्या त्या लाल भाकरीची साखर. मी दिसभर त्याच इचारात. गोळीचा जोर उतरला न्हाय, परत हुईल म्हणून डाक्टरनं सांजंपतोर आत्यांना थोडं थोडं खाऊ घालाय लावलं. बांधून नेलेली भाकर मी घास घास भरवली; आई भेटून गेली म्हंजी उपास सुटला, आसं धरून त्यांनी बी खाल्ली. दर्शन घेतलं ते दिवं लागल्यावर, पोटभर जेवून.

परतीच्या यष्टीत आत्या खिडकीला, सुमी त्यांच्या मांडीवर निजलेली. काकू म्हागं घोरत हुती. आत्याच्या कपाळावरचा मळवट तसाच. हळू म्हणल्या, "कितीक वर्सं येते मी. कधी आली न्हाय. औंदा आली. आता दर मंगळवार कडक धरणार. परत येईल ती." मंग माझ्याकडं वळून, "तू जवळ हुतीस. काय बोलली गं ती माझ्या तोंडानं?"

मला डाक्टरचं समदं सांगायचं हुतं. गोळी, उपास, भाकरीची साखर. पर त्यांचं तोंड बघितलं. नवरा जाऊन, दुष्काळ काढून, त्या बाईच्या पाया पयल्यांदाच कुणीतरी पडलं हुतं. आन् न्हाय सांगितलं तर म्होरच्या मंगळवारी त्या उपाशी पोटी गोळी मागणार, मी शेतात आसंन, साखर द्यायाला जवळ कुणी नसंल.

म्या म्हणलं, "बोलली की. म्हणली, माझ्या लेकीनं उपास धरायचा न्हाय. भाकर खाल्ल्याबिगर गोळीला हात लावायचा न्हाय. दोनदा म्हणली."

आत्यानं हात जोडले, तिथंच, अंधारात, खिडकीकडं तोंड करून. दुसऱ्या दिशी सकाळी माझ्या आधी उठून भाकर थापली, खाल्ली आन् मंग गोळी मागितली. अजून एक बी दिस चुकल्या न्हाईत.

पर देवीनं न बोललेलं बोलणं म्या तिच्या तोंडी घातलं. रातच्याला त्येच मनात येतं. तुमी माझ्या जागी त्या यष्टीत आसता, आन् आत्यानं तसं तोंड वर करून इचारलं आसतं, तर तुमी काय केलं आसतं?