कणगीजवळचा राउटर

आमच्या घरात बैल घ्यायचा असो की मिक्सर, सासऱ्यांना सोबत नेल्याशिवाय खरेदी होत नाही. त्यामुळे राउटर घ्यायला जव्हारला निघालो तेव्हा नवरा आमची प्रवासी जीप चालवत होता, शेजारच्या सीटवर सासरे होते आणि मी मागे, मोखाड्याहून बसलेल्या प्रवाशांच्या मधे दाबून. नोकरी माझी, राउटर माझ्यासाठी, पैसेही माझ्या पगारातले. निवड करणारी मंडळी मात्र पुढे बसली होती.

नोकरी ठाण्यातल्या एका कंपनीत, विम्याचे कागद तपासायची. लेक चालायला लागली तेव्हापासून मी ठाण्यात खोली घेऊन राहत होते आणि ती इथे पोशेऱ्याला, सासूबाईंजवळ. सुट्टीला घरी आले की ती मला 'ठाण्याची आई' म्हणायची, नुसती आई म्हणजे सासूबाई. ते मला फार लागायचं. शेवटी मॅनेजरच्या मागे लागून घरून काम करायची परवानगी काढली, तर आतल्या खोलीत मोबाईलच्या नेटवर मीटिंग सारखी तुटायला लागली. मॅनेजर म्हणाले, सोमवारच्या मीटिंगला पुन्हा असं झालं तर सामान घेऊन ठाण्याला या. म्हणजे सोमवारी ठरणार होतं की मी लेकीजवळ राहणार की नाही.

दुकानात सासऱ्यांनी राउटर हातात घेतला, उलटा केला, सगळ्या बाजूंनी निरखला आणि विचारलं, "ह्यो खातो किती?" दुकानदाराला काही कळेना. वीज विचारतायत, असा नवऱ्याने खुलासा केला. मग मी विचारलं, यात सिमकार्ड चालतं का, कारण आमच्या गावात केबल अजून पोचलेली नाही. प्रश्न माझा होता, उत्तर दुकानदाराने नवऱ्याकडे बघून दिलं. नवरा अशी मान डोलवत होता की जणू जन्मभर राउटरच विकत आलाय.

मला आवडला होता तो साबणाच्या वडीएवढा, आत बॅटरी असलेला. आमच्याकडे लाईट कधी जाईल याचा भरवसा नाही, म्हणून. सासऱ्यांनी तो बोटाने ढकलून बाजूला सारला. अशक्त आहे म्हणाले. दुकानदाराने लगेच चार अँटेनांचा काळाकुळकुळीत राउटर पुढे केला आणि हा तीन मजली बंगल्याला पुरतो असं सांगितलं. आमचं घर कारवीच्या कुडाचं, शेणाने सारवलेलं. एका खोलीत कुणी कूस बदलली तरी दुसऱ्या खोलीत कळतं. पण चार शिंगं बघून बापलेकांचे डोळे निवले. बंगला पुढे बांधता येईल, असं नवरा म्हणाला. मी पैसे मोजले, कारण मला भांडण नको होतं, राउटर हवा होता.

घरी आल्यावर त्याला हळदकुंकू लागलं, समोर नारळ फुटला. इथवर ठीक होतं. मग सासऱ्यांनी तो उचलला आणि आतल्या काळोख्या खोलीत, भात आणि नागलीने गच्च भरलेल्या कणग्यांच्या मधे नेऊन ठेवला. घरातली मोलाची वस्तू धान्याजवळ राहते, हा आमच्याकडचा रिवाज. बँकेचं पासबुक तिथे, लग्नातला चांदीचा गोफ तिथे, जीपची दुसरी चावीही तिथेच. मी म्हटलं, बाबा, तिथे रेंज येत नाही. ते म्हणाले, "बरकत बाहेर ठेवायची नाय."

आता गंमत बघा. आमच्या घरात रेंज फक्त पडवीच्या पूर्वेकडच्या कोपऱ्यात येते आणि त्या कोपऱ्यात सासऱ्यांची घोंगडी असते. त्यांना स्वतःला फोन लावायचा असला की ते आतून धावत तिथे येतात. पाहुण्यालाही तिथेच उभं करतात. एवढं सगळं माहीत असलेला माणूस सिमकार्डवर चालणारं यंत्र दोन भरल्या कणग्यांच्या मधे ठेवतो आणि वर म्हणतो, चार शिंगांचा आहे, ओढेल.

रविवारभर राउटरने काहीही ओढलं नाही. नवरा दुकानदाराला फोन लावत बसला, अर्थात पडवीच्या कोपऱ्यात उभा राहून. तिथून त्याने आम्हाला कळवलं की कंपनीचाच माल खराब असणार. मला हसू आलं नाही. बॅग भरायची वेळ आली होती, आणि लेक माझ्या मांडीवरून उठत नव्हती.

सोमवारी सकाळी सासरे रानात गेले तशी मी घोंगडीची घडी घातली. आतून वायर ओढून आणली, राउटर पडवीच्या कोपऱ्यात खुंटीला टांगला आणि त्याच्याखाली लॅपटॉप घेऊन बसले. आत चुलीचा धूर आणि अंधार, कॅमेऱ्यात माणूस दिसत नाही. इथे उजेड होता. लाईट राहू दे एवढंच मनात म्हणत होते, आणि ती राहिली. मीटिंग सुरू झाली, संपली, एकदाही तुटली नाही. मॅनेजर म्हणाले, ठीक आहे, करा घरूनच काम. मी लॅपटॉप मिटला आणि पदराने डोळे पुसले.

समोर सासरे उभे होते, कधी आले कळलं नाही. पाठीमागे नवरा. राउटर चांगलाच निवडला म्हणायचा, असं तो म्हणाला. सासऱ्यांनी राउटरकडे पाहिलंसुद्धा नाही. घडी घातलेल्या घोंगडीकडे बघत त्यांनी विचारलं, "म्हणजे ही आता रोज इथं बसणार?"

हो, म्हटलं.

"मग मी कुठं बसू?"

सुनेने बोलू नये असं माझ्या तोंडून गेलं, आणि गेल्याचं मला अजिबात वाईट वाटलं नाही. म्हटलं, "आत बसा, बाबा. आम्ही बायका बसतोच, काही होत नाही."

नवरा जीपकडे निघून गेला. सासरे घोंगडी काखेत मारून आत गेले. सासूबाईंनी चुलीपाशी सरकून त्यांना जागा करून दिली, आणि सोलायला वालाच्या शेंगांनी भरलेलं सूप पुढे ठेवलं.