ज्या कोचला मी नको होते

कोच माझ्याबद्दल जे पहिलं वाक्य बोलला, ते माझ्याशी नव्हतंच. मी समोर उभी होते, आणि तो कॉलेजच्या क्रीडा संचालकाकडे बघून म्हणाला, "ही खोलीत येणार आहे का?"

खोली म्हणजे खेळाडूंची कपडे बदलायची खोली. संचालक म्हणाला, "ट्रेनर आहे ती. मुलांच्या दुखापती बघणार. खोलीत नाही येणार तर कुठे जाणार?"

"मी बाई मागितली नव्हती," कोच म्हणाला. मग पहिल्यांदा माझ्याकडे वळला. "हॉकी कधी बघितलीस का तू?"

"बर्फावरची नाही," मी म्हणाले.

तो हसला, पण त्यात विनोद नव्हता. इंग्रजीत तू आणि तुम्ही एकच, तरी त्याचं 'यू' मला कायम 'तू' असंच ऐकू यायचं. पहिल्या दिवसापासून.

ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती. नवऱ्याला कॅनडाच्या सीमेजवळच्या एका गावात, कागदाच्या गिरणीत नोकरी लागली म्हणून आम्ही तिथे गेलो होतो. गावात गिरणी, कॉलेज आणि आइस हॉकी, एवढंच होतं. मी नागपूरला फिजिओथेरपी शिकले होते, अमेरिकेत येऊन त्यातच पुढची पदवी घेतली होती. आमचं घर बौद्ध, वडील रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये फिटर. माझ्या आजीच्या हातून शेजारच्या आळीतल्या कुणी कधी पाण्याचा पेला घेतला नव्हता. मी शिकत असताना एका पेशंटने माझं आडनाव विचारलं आणि टेबलावरचा पाय मागे घेतला होता. त्यामुळे हात लावू न देणारी माणसं मला नवीन नव्हती. इतक्या दूर येऊन पुन्हा तेच भेटेल असं मात्र वाटलं नव्हतं.

कोचने माझं टेबल खोलीबाहेर, कॉरिडॉरमध्ये मांडायला लावलं. स्केट्सना धार लावायचं यंत्र तिथेच होतं. ते सुरू झालं की ठिणग्या उडायच्या आणि बोललेलं ऐकू यायचं नाही. शेजारच्या दारातून रिंकची, म्हणजे बर्फाच्या मैदानाची, थंडी सरळ आत यायची. तिथे उभी राहून मी अख्खा सीझन मुलांच्या घोट्यांना टेप बांधला. तो मला नर्स म्हणायचा. त्याचं ऐकून मुलंही म्हणायला लागली. मी प्रत्येक वेळी सांगायचे, "मी नर्स नाही." प्रत्येक वेळी कुणीतरी हसायचं.

आपल्या माणसांत जावं म्हणून आम्ही एकदा कितीतरी तास ड्राइव्ह करून मराठी मंडळाच्या कार्यक्रमाला गेलो. तिथे एका काकूंनी विचारलं, "तू काय करतेस गं?" मी सांगितलं. "अगंबाई, म्हणजे त्या मुलांचे पाय चोळायचे?" मग जरा थांबून, "माहेरचं आडनाव काय तुझं?" मी तेही सांगितलं. "अच्छा," म्हणाल्या आणि दुसऱ्या कुणाशी तरी बोलायला वळल्या. येताना गाडीत नवरा म्हणाला, "यार, तू ही नोकरी क्विट कर ना. कशाला हवीय ही कटकट?" मी म्हणाले, "जिथे जाईन तिथली क्विट करत बसू का?"

कोचबद्दल गावात ज्याला विचारावं तो भरभरून सांगायचा. तो याच कॉलेजचा गोलकीपर होता. रिंकच्या दारातच त्याचा मोठा फोटो होता. मास्क न घालता खेळणाऱ्या शेवटच्या गोलकीपरांपैकी तो. आइस हॉकीचा पक म्हणजे कडक रबराची जाड चकती, आणि ती तोंडावर आली तर काय होतं ते त्याच्या तोंडाकडे बघून कळायचं. नाक एका बाजूला वळलेलं, पुढचे दात खोटे, भुवईत टाक्यांची रेघ. डाव्या हाताची दोन बोटं वाकायची नाहीत. कॉलेजनंतर तो लहान लहान व्यावसायिक संघांतून खेळत राहिला. मोठ्या लीगमध्ये त्याला म्हणे एकदाच उतरवलं आणि त्या सामन्यात त्याच्यावर इतके गोल झाले की पुन्हा बोलावलंच नाही. हे गावकरी हळू आवाजात सांगायचे. मग तो कोच होऊन परत आला, आणि पहिल्या काही वर्षांत त्याने कॉलेजला स्पर्धा जिंकून दिल्या. त्या जिंकण्यावर त्याला सगळं माफ होतं.

त्याचा सगळ्यात जास्त राग स्वतःच्या गोलकीपरवर असायचा. त्या वेळी संघात एक नवा गोलकीपर होता, दुसऱ्या वर्षाचा, मिनेसोटातल्या खाणीच्या गावातून आलेला. उंच, शांत मुलगा. कॉरिडॉरमध्ये मला नर्स न म्हणणारा तो एकटाच. तो नव्या पद्धतीने खेळायचा. पक आला की दोन्ही गुडघे टेकून, पाय बाजूंना पसरून खालची सगळी जागा अडवायचा. कोच जुन्या पद्धतीचा. गोलकीपरने उभंच राहायला पाहिजे, असा त्याचा हट्ट. सरावात तो स्वतः काठी घेऊन जवळून त्या मुलाच्या अंगावर पक मारायचा आणि ओरडायचा, "ऊठ! गुडघे चर्चमध्ये टेकायचे, इथे नाही!" मुलगा उठायचा. पुढच्या पकला परत खाली जायचा. अडवायचा बहुतेक सगळे, आणि कोचला तेच जास्त लागायचं.

एका सरावात गोलसमोर दोन खेळाडू त्या गोलकीपरच्या पायावर पडले. मुलगा लंगडत माझ्या टेबलावर आला. मी त्याचा गुडघा दोन्ही हातांत धरला, मांडी स्थिर ठेवून नडगी हळूच बाहेर ओढली. निरोगी गुडघा तिथे ठाम थांबतो. हा थांबत नव्हता. आतल्या बाजूने फट पडल्यासारखा उघडत होता. आतला लिगामेंट अर्धवट फाटला होता.

"चालता येतंय मला," मुलगा म्हणाला.

"सरळ चालता येईल. पण तू बाजूला ढकलतोस ना स्वतःला, गोलच्या या टोकाकडून त्या टोकाला? ते केलंस तर उरलेलाही फाटेल. काही आठवडे बर्फावर जायचं नाही."

मी तेच कोचला जाऊन सांगितलं. त्याच्या ऑफिसमध्ये त्याने मला बसायला सांगितलं नाही.

"शनिवारी सामना आहे," तो म्हणाला.

"त्याला उतरवू नका."

"मी मोडलेल्या जबड्याने खेळलोय."

"जबड्यावर कुणी धावत नाही."

त्याचा चेहरा लाल झाला. "ऐक. माझ्या गोलकीपरला हात लावायच्या आधी यापुढे मला विचारायचं. कळलं?"

"हात लावायचीच नोकरी आहे माझी," मी म्हणाले. "आणि मी तुम्हाला सांगितलंय, हे लक्षात ठेवा."

संघाला एक डॉक्टर होता, गावातला हाडांचा डॉक्टर, कोचचा मासे पकडायला जायचा सोबती. शुक्रवारी त्याने मुलाला तपासलं. तपासलं म्हणजे पँटवरूनच गुडघा चाचपला आणि म्हणाला, "ब्रेस लाव आणि खेळ." मी तिथेच होते. मी पुन्हा सांगितलं की सांधा उघडतोय. डॉक्टर माझ्याकडे न बघता कोचला म्हणाला, "अति काळजी करते ही."

शनिवारी मुलगा खेळला. पहिला भाग निभावला. दुसऱ्या भागात त्याच्या उजवीकडून डावीकडे पास गेला, त्याने डाव्या बाजूला झेप घ्यायला जोर लावला आणि जागच्या जागी कोसळला. पक मोकळ्या गोलमध्ये गेला. आधी लोक गोल झाला म्हणून ओरडले, मग त्याचं ओरडणं सगळ्यांना ऐकू आलं.

मला बर्फावर जावं लागलं. रबरी बुटांनी, घसरत घसरत. प्रेक्षकांतून कुणीतरी "लवकर, नर्स!" म्हणून ओरडलं आणि लोक हसले. मी मुलाजवळ गुडघे टेकले. त्याने माझी बाही घट्ट धरली. कोच मागे येऊन उभा होता. "संपवू शकेल का तो?" त्याने विचारलं.

मी वर बघितलं. "स्ट्रेचर आणायला सांग," मी म्हणाले. त्या क्षणापासून मीही त्याला मनात 'तू' म्हणायला लागले.

दोन दिवसांनी गावच्या पेपरात त्याचं बोलणं छापून आलं. ट्रेनरने दुखापत नीट ओळखली नाही, नाहीतर आपण मुलाला कधीच उतरवलं नसतं, असं. माझं नाव नव्हतं, पण गावात साडी नेसणारी, मुलांच्या पायांना टेप बांधणारी दुसरी बाई कोण होती? दुकानात कॅशवरची बाई माझ्याशी बोलेनाशी झाली. कुणीतरी आमच्या गाडीच्या काचेवर अंडी फोडली. थंडीत ती गोठली. नवऱ्याने आणि मी चमच्यांनी खरवडून काढली.

मी संचालकाकडे गेले. त्याने सगळ्यांना एका खोलीत बसवलं. डॉक्टर म्हणाला, मला कुणी काही सांगितलं नव्हतं. कोच म्हणाला, मलाही नाही. मग संचालकाने मुलाला विचारलं. तो कुबड्या घेऊन आला होता. गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं. तो टेबलाकडे बघत म्हणाला, "खेळू नको असं मला कुणी सांगितलं नव्हतं, सर."

मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. मी त्याच्याकडे बघत राहिले. तो बघेना. त्याची स्कॉलरशिप कोचच्या हातात होती, हे मला नंतर कुणी समजावायला नको होतं. पण समजणं वेगळं आणि पचणं वेगळं. कोच उठताना त्याच्या खांद्यावर हात ठेवून गेला.

मला मुलींच्या पोहण्याच्या संघाकडे पाठवलं. तिथे ऊब होती, क्लोरीनचा वास होता, आणि मुली मला नावाने हाक मारायच्या. मी मन लावून काम केलं. राग गेला नाही. रिंकवरून जाताना रोज दारातला तो फोटो दिसायचा.

गोलकीपर परत खेळू शकला नाही. दुसऱ्या वर्षाच्या शेवटी कॉलेज सोडून गेला, मला न भेटता. त्याच्यानंतर कोचला धड गोलकीपर मिळाला नाही. संघ हरायला लागला. आधी थोड्याने, मग वाईट रीतीने, अशी दोन-तीन वर्षं. जे लोक मला बघून तोंड फिरवायचे, तेच आता रिंकमध्ये त्याच्या नावाने ओरडायला लागले. एका सामन्यात त्याच्यावर पेप्सीचा ग्लास फेकला गेला. त्याने वर बघितलं, तोंड पुसलं आणि पुन्हा बर्फाकडे वळला. मी त्या दिवशी प्रेक्षकांत होते. मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू?

सीझन संपल्यावर कॉलेजने त्याला काढलं. नुसतं हरतो म्हणून काढलं असं दिसू नये, म्हणून गावात सांगितलं गेलं की जखमी मुलाला खेळवणारा कोच आम्हाला नको. म्हणजे इतक्या वर्षांनी त्यांना तो गुडघा आठवला. ही गोष्ट दुसऱ्या कॉलेजांपर्यंत गेली आणि त्याला कुठेच काम मिळेना. त्याने कॉलेजकडे दाद मागितली. चौकशी नेमली गेली.

त्यानंतर एका दुपारी तो माझ्या उपचाराच्या खोलीत आला. एक मुलगी टेबलावर होती. तिच्या खांद्याला बर्फ बांधून होईपर्यंत तो दाराशी उभा राहिला. त्या खोलीत यायला त्याला कुणाची परवानगी लागत नव्हती, तरी उभा राहिला.

मुलगी गेल्यावर म्हणाला, "डॉक्टरने त्याला खेळायला सांगितलं होतं. तू तिथे होतीस."

"होते."

"डॉक्टर आता म्हणतोय, मी त्याच्यावर दबाव आणला. चौकशीत तुला बोलावतील. तू खरं सांगशील ना?"

"सांगेन," मी म्हणाले. "सगळं सांगेन. शुक्रवारचं सांगेन. त्याच्या आदल्या दिवशी तुझ्या ऑफिसमध्ये काय झालं तेही सांगेन. पेपरात तू काय बोललास तेही."

न वाकणारी दोन बोटं त्याने दुसऱ्या हाताने धरली.

"मग मला त्याचा काय उपयोग?" तो म्हणाला.

"तुझ्या उपयोगासाठी नाहीच सांगणार."

"आयुष्यभर लोकांनी मला मारलंय, बाई," तो एकदम चिडून म्हणाला. "तोंडावर मारलंय. मी एकदा तरी तक्रार केली का?"

"तू नाही केलीस. म्हणून त्या मुलानेही करायची नाही का?"

तो गेला. दार आपटलं नाही, पण बंदही केलं नाही. मीच उठून बंद केलं.

चौकशीत मी सगळं सांगितलं. इंग्रजीत, सावकाश, एकही शब्द न वाढवता. डॉक्टर संघातून गेला. कोचची दाद फेटाळली गेली. संचालकाने मला हॉकी संघाकडे परत बोलावलं आणि टेबल खोलीत ठेवा म्हणून सांगितलं. आभार कुणी मानले नाहीत. नव्या कोचने पहिल्याच दिवशी मुलांना बजावलं, ही खेळू नको म्हणाली तर खेळायचं नाही. काही जुन्या मुलांनी तोंडं वाकडी केली. एक जण मला ऐकू जाईल असं म्हणाला, हिनेच कोचला घालवलं. मी त्याला टेबलावर बसायला सांगितलं आणि त्याच्या घोट्याला टेप बांधला.

कोच गावातच राहिला. महामार्गाजवळच्या हार्डवेअरच्या दुकानात काम करायला लागला. आमच्या घरातला नळ गळायला लागला तेव्हा नवरा म्हणाला, "मी जाऊन वॉशर आणतो, तू नको येऊस." मी गेलेच. कोच काउंटरच्या मागे होता. मी वॉशर मागितला. त्याने माप विचारलं, ड्रॉवरमधून काढून काउंटरवर ठेवला आणि माझ्या मागच्या गिऱ्हाइकाकडे बघून म्हणाला, "नेक्स्ट."